विलीन होण्याआधी : समाजवादी पक्षाच्या सहा वर्षांची गोष्ट

(सांताक्रूझ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. आपली सांताक्रूझ शाखा एका मोठ्या राजकीय पक्षात विलीन करावी का, या प्रश्नावर मतदान घेण्यापूर्वी हे भाषण झाले.)



मित्रहो आणि बहिणींनो, मला आज दोन कारणांसाठी बोलायला सांगितलं आहे. एक, या खोलीत मी सगळ्यांत म्हातारा आहे. दुसरं, विलीनीकरण म्हणजे काय असतं ते मी घरात बसून पाहिलेलं आहे. आपल्यापुढचा प्रस्ताव तुम्ही सगळ्यांनी वाचला आहे. महापालिकेची उमेदवारी, कार्यालयाला जागा, वकिलांची मदत, असं बरंच काही त्यात देऊ केलं आहे. त्या बदल्यात आपण आपलं नाव, आपला फलक आणि आपली वेगळी बैठक सोडायची आहे. प्रस्ताव आणणाऱ्यांवर माझा राग नाही. ते प्रामाणिकपणे आले आहेत. पण हो किंवा नाही म्हणण्याआधी एक गोष्ट ऐका. ती १९७१ ते १९७७ या सहा वर्षांची आहे.

मधेच विमान गेलं तर मी थांबेन. सांताक्रूझमध्ये भाषण करणाऱ्याला ही सवय लागतेच.

माझा जन्म १९५३चा. आम्ही कोकणातले, राजापूर तालुक्यातले. अब्बा मुंबईत टॅक्सी चालवायचे. गोळीबारच्या वस्तीत आमची एक खोली होती. अब्बांचं शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचं, पण मराठी वर्तमानपत्र ते रोज वाचायचे, गिऱ्हाईक मिळेपर्यंत स्टिअरिंगवर पसरून. टॅक्सीवाल्यांच्या युनियनमुळे ते समाजवाद्यांकडे ओढले गेले. १९६७ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, त्या रात्री अब्बांनी टॅक्सीचा मीटर बंद ठेवून शेजारच्या पोरांना मरीन ड्राइव्ह दाखवून आणलं. मी त्या टॅक्सीत होतो.

तेव्हा समाजवाद्यांचे पक्ष दोन होते. ही भानगड तरुणांना माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३२-३३ साली नाशिकच्या तुरुंगात काही तरुण एकत्र आले. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, आणि त्यांच्यात आपले युसुफ मेहेरअली. त्यातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर होते. ‘छोडो भारत’ ही घोषणा त्यांचीच असं सांगितलं जातं. १९४८ साली नाशिकच्याच अधिवेशनात समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा पक्ष केला. १९५०च्या जुलैत मेहेरअली गेले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या पक्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि लोकसभेत जागा मिळाल्या १२. कम्युनिस्टांना सव्वातीन टक्के मतं मिळाली, जागा १६. मतं पसरलेली, जागा कमी. तेव्हा नेत्यांना वाटलं, आपण दुसऱ्या कुणाशी एक झालो तर हे गणित सुटेल. आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाकडे ९ जागा होत्या. सप्टेंबर १९५२ मध्ये याच मुंबईत दोन्ही पक्ष एक झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष जन्माला आला. साडेचार वर्षांचा एक पक्ष संपला.

पुढे काय झालं? तीन वर्षांत लोहिया बाहेर पडले आणि १९५५च्या अखेरीस त्यांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला. १९६० साली स्वतः कृपलानीही बाहेर पडले. १९६४ साली पुन्हा एकीकरण होऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला. १९६५ साली त्यातून काही लोक परत फिरले आणि त्यांनी प्रजा समाजवादी पक्ष पुन्हा उभा केला. एकाचं चिन्ह वडाचं झाड, दुसऱ्याचं झोपडी. अब्बा म्हणायचे, झाड आमचं, झोपडी आमची, आणि आम्ही मात्र उन्हात.

१९६७ साली दोघांचे मिळून लोकसभेत ३६ खासदार होते, झाडवाल्यांचे २३ आणि झोपडीवाल्यांचे १३. १९७१ साली इंदिराबाईंची लाट आली आणि दोघांचे मिळून उरले पाच. मग शहाणपण सुचलं. ऑगस्ट १९७१ मध्ये दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले आणि नाव साधं ठेवलं, समाजवादी पक्ष. कर्पूरी ठाकूर अध्यक्ष झाले, मधू दंडवते सरचिटणीस. दंडवते आमच्या राजापूरचे खासदार होते, त्यामुळे अब्बांना तर हा पक्ष घरचाच वाटला.

आज मला सांगायचं आहे ते या पक्षाबद्दल. तो जेमतेम सहा वर्षं जगला. त्या सहांतही घर शांत नव्हतं. १९७२ मध्ये राजनारायण यांचा गट फुटला आणि पुढे १९७४ मध्ये चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात गेला. पण मुंबईत हा पक्ष जिवंत होता. ७२ साली मृणाल गोरे विधानसभेवर निवडून आल्या. त्याच वर्षी महागाईविरोधात बायकांचे लाटणे मोर्चे निघाले. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी. पक्ष वेगळे, समिती एक. माझी आई तोवर बाजाराच्या पुढे एकटी कधी गेली नव्हती. ती लाटणं घेऊन मोर्चाला गेली. बुरखा घालून गेली आणि लाटणं हातात उघडं धरलं. परत आली तेव्हा तिचा घसा बसला होता आणि ती हसत होती.

गोळीबारमध्ये आमची शाखा म्हणजे एका चाळीतली दहा बाय दहाची खोली. एक बाकडं, एक कपाट, ‘साधना’चे जुने अंक आणि एक वही. शनिवारी रात्री बैठक व्हायची. त्या वहीत हजेरी असायची आणि खाली तक्रारी. नळाला पाणी नाही. रेशनवर रॉकेल मिळालं नाही. मालकानं खोलीतून काढलं. आणि आईमुळे त्या वहीत एक नवा विषय आला. अमक्या बाईला नवऱ्यानं तीनदा शब्द उच्चारून घराबाहेर काढलं.

हा विषय तेव्हा आभाळातून पडला नव्हता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधान भवनावर नेला होता. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाई मूळचे मिरजोळीचे, चिपळूणजवळचे, राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीतून आलेले. वस्तीत त्यांना शिव्या घालणारेच जास्त होते. अब्बांनाही त्यांची सगळी मतं पटत नव्हती. पण आई म्हणायची, मतं राहू देत, त्या बाईच्या पोरांचं काय ते सांगा.

वहीतली एक नोंद सांगतो, बाईचं नाव सांगत नाही. १९७३चा पावसाळा. शेजारच्या गल्लीतली बाई, दोन मुलं, नवरा गोदीत कामाला. तलाक देऊन त्यानं दुसरं लग्न ठरवलं. आई तिला शनिवारच्या बैठकीत घेऊन आली. खोलीत अकरा माणसं होती, त्यांत पाच मुसलमान, चार हिंदू, दोन ख्रिश्चन. कुणी भाषण केलं नाही. कुणी इस्लामवर किंवा कायद्यावर बोललं नाही. चौघं जण नवऱ्याकडे गेले, तीनदा गेले. मेहरची रक्कम, भांडी, शिवणयंत्र आणि मुलांसाठी दरमहा काही पैसे, एवढं मिळवून आणलं. वहीत खाली लिहिलं आहे, ‘शिवणयंत्र मिळाले. विषय संपला.’ आणि त्याखाली त्या बाईचा अंगठा.

ही वही माझ्याकडे आहे. आज आणली आहे. नंतर पाहा, पण पानं जपून उलटा.

आणीबाणी आली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. २५ जून १९७५ची रात्र. नेते तुरुंगात गेले किंवा भूमिगत झाले. त्याआधी वर्षभर, मे १९७४ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा देशव्यापी संप झाला होता. वीस दिवस चालला आणि मोडला. आमच्या वस्तीतले काही रेल्वे कामगार तेव्हाच घरी बसले होते. आता तर बोलायचीच चोरी. आमच्या खोलीला कुलूप लागलं. वही आईनं पिठाच्या डब्यात ठेवली.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या. पाच दिवसांत, २३ जानेवारीला, दिल्लीत जनता पक्षाची घोषणा झाली. संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल, जनसंघ आणि आमचा समाजवादी पक्ष. जयप्रकाशजींचा आग्रह होता की आघाडी नको, एकच पक्ष हवा. काही नेते अजून गजाआड होते. निवडणुकीला दोन महिनेही नव्हते. चिन्हसुद्धा लोकदलाचं घ्यावं लागलं, चक्रातला हलधर.

त्या वेळी ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. हुकूमशाही दारात उभी असताना कोण कुणाशेजारी बसतो हे बघायचं नसतं. मार्चमध्ये आम्ही रात्रंदिवस राबलो. आपल्या वायव्य मुंबईत राम जेठमलानींनी कायदामंत्री गोखल्यांना पाडलं. उत्तर मुंबईतून मृणालताई निवडून आल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा देऊन आमचे घसे फुटले. जॉर्ज तुरुंगातून मुझफ्फरपूरला तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. अब्बांनी त्या दिवशी पुन्हा मीटर बंद ठेवला.

पण एक गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली नाही, ती आज मी तुमच्यापुढे मांडतो. त्याच मार्चमध्ये, त्याच मुंबईत, शेजारच्या उत्तर मध्य मतदारसंघातून अहिल्याताई रांगणेकर निवडून आल्या. त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या. त्यांच्या पक्षानं जनता पक्षाशी समझोता केला, जागा वाटून घेतल्या, पण स्वतःचा पक्ष बुडवला नाही. महाराष्ट्रात त्यांचे तीन खासदार आले. अहिल्याताई, डहाणूतून लहानू कोम आणि बीडमधून गंगाधरअप्पा बुरांडे. म्हणजे आणीबाणी हटवायला एकत्र लढणं आवश्यक होतं. एक होणं आवश्यक होतं का, हा प्रश्न वेगळा आहे. या दोन प्रश्नांमध्ये आम्ही गल्लत केली.

१ मे १९७७ रोजी जनता पक्षाची रीतसर स्थापना झाली आणि समाजवादी पक्ष संपला. दोन दिवसांनी, ३ मे रोजी, मुंबईत हमीद दलवाईंचं निधन झालं. वय अवघं ४४. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण आमच्या घरात त्या एकाच आठवड्यात आल्या आणि आईनं अब्बांना विचारलं, “आता बायकांना घेऊन मी कुठे जायचं?” अब्बा म्हणाले, “अगं, आता तर आपलं सरकार आहे.”

आता त्या सरकारचा हिशेब नीट मांडू या, कारण आपल्याकडे एक तर सगळं चांगलं म्हणतात नाहीतर सगळं वाईट.

जमेच्या बाजूला बरंच आहे. नागरी स्वातंत्र्य परत आलं. दंडवते रेल्वेमंत्री झाले. संपात नोकरी गेलेल्यांना त्यांनी कामावर परत घेतलं आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. गावी जाणाऱ्या गरीब माणसाच्या पाठीला ती गादी अजून आठवते. जानेवारी १९७८ मध्ये अल्पसंख्याक आयोग नेमला गेला. जानेवारी १९७९ मध्ये मंडल आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्ष बिंदेश्वरी प्रसाद मंडल स्वतः कधीकाळी संयुक्त समाजवादी पक्षातले. पुढे मुसलमानांमधल्या मागास जातींना ओबीसीच्या सवलती मिळाल्या, त्याची वाट तिथून जाते. आपल्या शाखेत जातीच्या दाखल्यासाठी जे अर्ज आपण भरून देतो, त्यांच्या मुळाशी हा आयोग आहे. बिहारमध्ये कर्पूरी ठाकूर मुख्यमंत्री झाले आणि १९७८ मध्ये त्यांनी मागासांना आरक्षण दिलं, त्यातही मुस्लिम जाती होत्या. मोठ्या पक्षात गेल्याशिवाय हे झालं असतं का? कदाचित नसतं. हे मी प्रस्तावाच्या बाजूनं बोलणाऱ्या तरुणांसाठी मुद्दाम सांगतो आहे.

आता खर्चाची बाजू. एप्रिल १९७९ मध्ये जमशेदपूरला दंगल झाली. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. मुख्यमंत्री कोण? कर्पूरी ठाकूर, आमच्या समाजवादी पक्षाचे पहिले अध्यक्ष, सच्चा माणूस, गरिबांचा माणूस. पुढे चौकशी आयोगानं राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या भूमिकेवर ठपका ठेवला, आणि सत्ताधारी जनता पक्षाच्या स्थानिक आमदारावरही. म्हणजे दंगलीत ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं तोही आपल्याच पक्षाचा, आणि ज्यानं ती थांबवायची तोही आपल्याच पक्षाचा. वस्तीत लोक अब्बांना विचारायचे, “भाई, तुमच्या पक्षानं काय केलं?” अब्बांकडे उत्तर नव्हतं. आधी ते म्हणू शकत असत, “तो पक्ष वेगळा, आम्ही वेगळे.” आता ते वाक्य त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

मधू लिमये जनता पक्षाचे सरचिटणीस होते. त्यांनी दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न लावून धरला. जनता पक्षात असताना संघाचंही सदस्य राहता येईल का? प्रश्न रास्त होता, पण घरात राहायला गेल्यानंतर दोन वर्षांनी घराचे नियम विचारल्यासारखं झालं. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार पडलं. जॉर्जनी लोकसभेत सरकारची बाजू मांडली आणि काही दिवसांतच ते बाहेर पडले. ते आणि लिमये चरणसिंगांच्या बाजूला. एसेम, नानासाहेब गोरे, दंडवते, मृणालताई जनता पक्षातच. अब्बांच्या भिंतीवर या सगळ्यांचा एकत्र फोटो होता. त्यांनी तो काढला नाही, फक्त त्याच्याकडे बघणं सोडलं.

आणि एप्रिल १९८० मध्ये जनसंघाचे लोक बाहेर पडले. त्यांनी भारतीय जनता पक्ष काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं मोठं अधिवेशन घेतलं. कुठे? इथून दोन स्टेशनांवर, वांद्रे रेक्लमेशनवर. तिथे त्यांनी ‘गांधीवादी समाजवाद’ हे सूत्र मांडलं. अब्बा त्या दिवसांत वांद्र्याची भाडी घेत होते. घरी येऊन म्हणाले, “आपला शब्दसुद्धा गेला.”

मी यावर खूप वर्षं विचार केला. चार पक्ष एका भांड्यात गेले. त्यातून जनसंघाचे लोक जवळजवळ जसेच्या तसे बाहेर आले आणि समाजवादी विरघळले. असं का? कारण जनसंघ विलीन झाला, संघ विलीन झाला नाही. त्यांचं घर, त्यांची रोजची शाखा, त्यांची माणसं बाहेर शाबूत राहिली. पक्ष हा त्यांचा सदरा होता, तो त्यांनी बदलला. आमचा पक्ष हीच आमची कातडी होती.

पण थांबा, हे पूर्ण खरं नाही. समाजवाद्यांचंही काही बाहेर राहिलं होतं. जे बाहेर राहिलं ते टिकलं. १५ ऑगस्ट १९४८ला साने गुरुजींनी सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक अजून निघतं. राष्ट्र सेवा दल आहे. पनवेलजवळ तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे. गोरेगावात केशव गोरे स्मारक आहे. मुस्लिम सत्यशोधक मंडळ आहे. यांतल्या कुणीही १९७७ साली आपला फलक उतरवला नाही, म्हणून आज आपण त्यांची नावं घेतो. त्या पक्षाचं नाव मात्र मला या खोलीत समजावून सांगावं लागलं.

आता गोळीबारच्या त्या खोलीकडे परत येतो. तिचं काय झालं? कुणी हिसकावली का? नाही. आम्हाला कुणी हाकललं का? नाही. आमच्या बाबतीत कुणी काहीच वाईट केलं नाही, आणि हेच मला सांगायचं आहे. मार्चमधल्या विजयानंतर आम्हाला वाटलं, आता वेगळी बैठक कशाला, मोठी बैठक आहेच. दोन-तीन शनिवार चुकले. मग भाडं कुणी भरायचं असा प्रश्न आला. मग अब्बांनीच मालकाला किल्ली दिली. चूक आमची होती.

१९७८च्या उन्हाळ्यात अशीच एक बाई आईकडे आली. पदरात एक मुलगी. आईनं तिला चहा दिला, बसवलं, आणि रात्री अब्बांना म्हणाली, “मोठ्या बैठकीत नेऊ का?” अब्बा गप्प राहिले. मग म्हणाले, “तिथे आपल्याला ओळखणारे किती? काहींना हा विषय नको असेल, काहींना जरा जास्तच हवा असेल. बाईचा तमाशा होईल.” असं झालंच असतं असं नाही. कदाचित तिथेही चार भली माणसं उठून आली असती. पण आम्ही विचारलंच नाही. आधी त्या दहा बाय दहाच्या खोलीत आम्हाला विचार करावा लागत नव्हता. तिथे आपल्या घरातलं दुखणं सांगितलं तर त्याचा कुणी दगड करून आपल्यालाच मारणार नाही, ही खात्री होती. ती खात्री गेली. ती बाई आठ दिवसांनी गावी गेली. पुढे तिचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. वहीत तिची नोंद नाही. वहीतली शेवटची नोंद एप्रिल १९७७ची आहे. त्यानंतरची पानं कोरी आहेत.

मुसलमानांमध्ये सुधारणेचं काम करणाऱ्यांची अडचण तुम्ही रोज भोगता. आत बोललं तर म्हणतात, तुम्ही बाहेरच्यांचे हस्तक. बाहेर बोललं तर बाहेरचे त्याचंच हत्यार करतात. या दोन्हींच्या मधे उभं राहायला जेवढी जमीन लागते तेवढी आपली असावी लागते. ती मोठी असायची गरज नाही.

आता प्रस्तावाबद्दल माझं मत. मी विलीनीकरणाच्या विरोधात मत देणार आहे. समझोत्याच्या विरोधात नाही. निवडणुकीत त्या पक्षाला आपला पाठिंबा द्यायचा असेल तर द्या, लेखी कलमांवर द्या. आपल्यातल्या कुणाला उमेदवारी घ्यायची असेल तर घ्यावी, निवडून यावं, मी या वयात वाकोल्याचे जिने चढून प्रचार करीन. पण चार गोष्टी ठरवा.

पहिली, घाई नको. आमच्यावर आणीबाणी होती, तुमच्यावर फक्त उमेदवारी अर्जाची तारीख आहे.

दुसरी, जाण्याआधी विचारा, तिथे गेल्यावर आपल्याला काय बोलता येणार नाही? ते सांगतील, सगळं बोलता येईल. तर मग तलाक, वारसाहक्क, दंगल, बुलडोझर, या चार शब्दांवर त्यांची भूमिका आजच लिहून मागा. मधू लिमयेंनी १९७९ मध्ये विचारलेला प्रश्न जानेवारी १९७७ मध्ये विचारायचा होता.

तिसरी, ही खोली, तिचं भाडं आणि हा फलक कुणालाही द्यायचा नाही. भाडं कमी पडलं तर मला सांगा, मी पेन्शनवाला आहे.

चौथी, शनिवारची बैठक. जे पक्षात जातील त्यांनीही यायचं. नगरसेवक झालात तरी यायचं, आणि इथे आल्यावर बाकड्यावर बसायचं.

तरुणांपैकी काही जण म्हणतील, चाचा, तुम्ही भीती घालता, एवढ्याशा खोलीतून जग बदलत नाही. खरं आहे. कोकण रेल्वे काही आमच्या खोलीतून निघाली नाही. मंडल आयोगही नाही. मोठ्या कामाला मोठा पक्ष लागतो, हे मी मान्य करतो. पण मोठ्या पक्षाला जी गोष्ट जमत नाही ती म्हणजे रात्री नऊ वाजता दार ठोठावणाऱ्या बाईसाठी उघडी खोली. ते काम आपण केलं नाही तर दुसरं कुणी करत नाही. हे मी १९७८च्या उन्हाळ्यात पाहिलं आहे.

आई २००४ साली गेली. त्या वहीच्या पहिल्या पानांवर तिचा अंगठा आहे, १९७४नंतर सही आहे. लिहायला ती त्याच खोलीत शिकली. कोरी राहिलेली पानं मी मोजली, ती छप्पन्न आहेत. कागद पिवळा पडलाय, पण शाई फुटत नाही, मी लिहून पाहिलं. शाखेची इच्छा असेल तर पुढच्या शनिवारपासून नोंदी त्यातच करू.

मी माझं सांगितलं. चहा आला आहे. चहा घ्या, मग प्रस्तावाच्या बाजूनं ज्यांना बोलायचंय त्यांनी बोला. त्यांचं नीट ऐका. मतदान त्यानंतर.